मौनाची दिशा

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या उंच गच्चीवर सायंकाळच्या वेळीं उभें राहून सभोंवार दृष्टि टाकली, तर घरांच्या माथ्यावर निरनिराळ्या आकारांच्या वस्तूंचें एक दुसरेंच नगर वसलेलें दिसतें. एखाद्या जुन्या घराच्या आढ्याशीं माशाच्या काट्यासारखी दिसणारी दूरदर्शनची दांडी गंजत उभी असते. शेजारच्या गच्चीवर आग्नेयेकडे तोंड करून एक वाटोळी थाळी बसविलेली असते. दूरवर मोबाइलच्या मनोऱ्याला उभट पांढऱ्या पेट्या चिकटलेल्या असतात. आणि खालीं माजघरांत, आजोबांच्या उशाशीं असलेल्या लहानशा ट्रान्झिस्टरच्या पोटांत, काळ्या दांडीवर गुंडाळलेल्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तें तर कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं.

या सर्व वस्तूंचें कुळ एकच. बिनतारी लहरी अवकाशांत सोडण्याचें, किंवा अवकाशांतून त्या टिपून घेण्याचें काम त्या करितात. पूर्वीं त्यांना एरियल म्हणत, आज अँटेना म्हणतात. त्यांचीं रूपें पाहून त्यांची जात ओळखणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. परंतु रूप मुळींच न पाहतां, केवळ वर्तनावरून त्यांची जात सांगतां येईल काय? एखादी एरियल बंद पेटींत आहे, किंवा ती कोसांच्या अंतरावर आहे, आणि तिच्यापासून निघणाऱ्या लहरी कोणत्या दिशेस किती जोराच्या आहेत एवढेंच ठाऊक आहे, अशा वेळीं ती कोणत्या प्रकारची हें जाणतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर बव्हंशीं होकारार्थी आहे. आणि त्यांतील विशेष हा कीं, एरियल कोठें मोठ्यानें बोलते यापेक्षां ती कोठें गप्प राहते, यावरूनच तिची ओळख अधिक खात्रीनें पटते.

प्रथम या वर्तनाचें चित्र कसें काढतात तें पाहूं. मोकळ्या मैदानाच्या मध्यभागीं एरियल उभी करावी. तिच्याभोंवतीं बऱ्याच अंतरावर एक मोठें वर्तुळ आंखावें, आणि लहरींचा जोर मोजणारें यंत्र घेऊन त्या वर्तुळावरून फिरावें. दर दहा अंशांवर थांबून जोर टिपून घेतला, म्हणजे छत्तीस नोंदी होतात. मग कागदावर मध्यबिंदु धरून, ज्या दिशेस जोर अधिक त्या दिशेस ठिपका दूर व ज्या दिशेस जोर कमी त्या दिशेस ठिपका जवळ, असे छत्तीस ठिपके मांडावे व रांगोळीप्रमाणें ते जोडावे. जी आकृति उमटते ती त्या एरियलच्या फैलावाची आकृति होय. जेथें आकृति फुगते तिला पाकळी म्हणूं, आणि जेथें ती मध्यबिंदूशीं येऊन मिटते तिला मौनाची दिशा म्हणूं.

येथें निसर्गाचा एक नियम फार उपयोगी पडतो. सामान्यतः जी एरियल ज्या दिशेस जितक्या जोरानें बोलते, तितक्याच कौशल्यानें ती त्या दिशेचें ऐकतेहि. बोलण्याची व ऐकण्याची आकृति एकच. त्यामुळें ज्याच्या घरीं लहरी सोडण्याचें यंत्र नाहीं, त्यालाहि केवळ ऐकण्याची एरियल फिरवून तिची आकृति काढतां येते.

मात्र एक आकृति पुरत नाहीं. अमरावती जिल्ह्यांत वरूड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागा आहेत. तेथील मुलांना ही गोष्ट सहज कळेल. संत्रें आडवें कापलें तर फोडींचें चक्र दिसतें. तेंच देंठापासून उभें कापलें तर तें चक्र दिसत नाहीं. फळ एकच, पण काप निराळा. एरियलच्या फैलावाचाहि एक काप जमिनीला समांतर व दुसरा उभा असा घ्यावा लागतो. या नियमाचा विसर पडल्यास कशी फसगत होते, तें पुढच्या उदाहरणावरून दिसेल.

सर्वांत साधी एरियल म्हणजे एका रेषेंत ठेवलेल्या दोन सारख्या तारा. त्यांच्या मध्यभागीं यंत्राची जोडणी असते. दोन्ही मिळून लांबी लहरीच्या अर्ध्याइतकी असते. उदाहरणार्थ, आकाशवाणीचें अकोला केंद्र १०२.४ मेगाहर्ट्झवर एफ. एम. पद्धतीनें बोलतें. त्या लहरीची लांबी सुमारें २ मीटर ९३ सेंटिमीटर आहे. तिची निम्मी १ मीटर ४६ सेंटिमीटर; व्यवहारांत तार किंचित् आंखूड, म्हणजे सुमारें १ मीटर ४० सेंटिमीटर ठेवावी लागते. अशा तारेचा फैलाव चुंबळीच्या आकाराचा असतो. डोक्यावर घागर घेतांना बायका जी कापडाची चुंबळ ठेवितात, तिच्या भोंकांतून काठी ओंवावी, तशी ही तार चुंबळीच्या मधून गेलेली असते. तारेच्या कुशीच्या दिशेस जोर सर्वांत अधिक, आणि दोन्ही टोंकांच्या दिशेस पूर्ण मौन.

आतां ही तार जमिनीला समांतर टांगली, तर आडव्या कापांत दोन पाकळ्यांची आकृति मिळते. ती डमरूसारखी, किंवा इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी दिसते. परंतु तीच तार उभी केली, तर आडव्या कापांत शुद्ध वर्तुळ मिळतें, कारण आतां चुंबळ जमिनीवर पालथी पडली आहे. केवळ हें वर्तुळ पाहून कोणी म्हणेल कीं, ही एरियल सर्व दिशांना समान बोलते. तें खरें नव्हे. उभा काप घेतला म्हणजे कळतें कीं, बरोबर डोक्यावर आणि बरोबर पायाखालीं ती गप्प आहे. सर्व दिशांना खरोखर समान बोलणारी एरियल हिशेबापुरती कल्पिलेली आहे. प्रत्यक्षांत तशी कोणी बनवूं शकलेला नाहीं. दोन तारांची ही एरियल आपल्या आवडत्या दिशेस त्या काल्पनिक एरियलच्या १.६४ पट जोर देते, इतकाच तिचा पक्षपात. मध्यम लहरींच्या केंद्रांचे उंच लोखंडी खांब याच कुळांतले. त्यांच्या बाबतींत जमीन आरशासारखें काम करते व अर्धी चुंबळ जमिनीवर राहते. क्षितिजाकडे भरपूर जोर, माथ्यावर मौन.

आतां ट्रान्झिस्टरच्या पोटांतील वेटोळ्याकडे वळूं. जुन्या काळीं हेंच वेटोळें हातभर लांबीरुंदीच्या लांकडी चौकटीवर गुंडाळीत, म्हणून तिला चौकटीची एरियल म्हणत. तिची आकृतिहि चुंबळच आहे. मध्यम लहरी ऐकतांना चौकट उभी ठेवितात. चौकटीची कड ज्या दिशेस वळलेली असेल त्या दिशेचें केंद्र मोठ्यानें ऐकूं येतें, आणि चौकटीचा सपाट चेहरा ज्या दिशेस असेल तिकडचें मुळींच ऐकूं येत नाहीं. ट्रान्झिस्टरमधील काळ्या दांडीचें टोंक केंद्राकडे वळलें कीं आवाज बुडतो, याचें कारण हेंच.

या चौकटीची परीक्षा घेण्यास वऱ्हाडाइतका सोयीचा प्रांत क्वचितच सांपडेल. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि नागपूरचें १६ जुलै १९४८ रोजीं. अकोल्याहून पाहिलें असतां नागपूर सरळ रेषेनें सुमारें २२० किलोमीटर, पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारें १३ अंश वळून आहे. मुंबई सुमारें ४७० किलोमीटर, पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारें २२ अंश वळून आहे. म्हणजे मुंबईकडील रेषा अकोल्यावरून उलट बाजूस वाढविली, तर ती नागपूरच्या रेषेपासून अवघी ९ अंश बाजूला जाते. वऱ्हाड दोन केंद्रांच्या मध्यें, जवळजवळ एका रेषेंत बसला आहे. चौकटीच्या दोन पाकळ्या दोन बाजूंना. एकीच्या तोंडीं नागपूर, दुसरीच्या तोंडीं मुंबई.

अशा स्थितींत चौकट बरोबर नागपूरच्या रेषेंत धरली आणि मग ती ९ अंश वळवून मुंबईच्या रेषेंत आणली, तर नागपूरच्या आवाजांत किती फरक पडेल? गणित सांगतें कीं शेंकडा सव्वा एकाइतकाच. एवढा फरक कोणत्याहि कानाला कळणार नाहीं. आतां उलट प्रयोग करावा. चौकटीचा सपाट चेहरा नागपूरकडे करावा, म्हणजे नागपूर पूर्ण बुडेल. मग तीच चौकट ९ अंश वळवावी. शून्य होता तो आवाज एकदम पूर्ण जोराच्या सहाव्या हिश्शाइतका वर येतो. ज्या फरकाचा मोठ्या आवाजांत मागमूसहि नव्हता, तो मौनाच्या दिशेंत ठळक दिसतो. पाकळीचें टोंक बोथट असतें, आणि मौनाची फट धारदार असते. म्हणूनच दिशा शोधणारे लोक आवाज वाढवीत जात नाहींत, तो बुडवीत जातात.

तथापि चौकटीच्या अंगीं एक दोष आहे. तिच्या दोन्ही पाकळ्या अगदीं सारख्या. एखाद्या अनोळखी केंद्राची रेषा तिनें बिनचूक सांगितली, तरी तें केंद्र त्या रेषेवर नागपूरकडे आहे कीं मुंबईकडे, हें ती सांगूं शकत नाहीं. हा दोष दूर करण्याची युक्ति सुंदर आहे. चौकटीच्या जोडीला एक उभी तार घ्यावयाची. उभ्या तारेची आडवी आकृति वर्तुळ. चौकटीच्या दोन पाकळ्यांपैकीं एकीचा प्रवाह तारेच्या प्रवाहाशीं जुळतो व दुसरीचा त्याच्या उलट असतो. दोहोंचा जोर सारखा करून त्यांची बेरीज केली, म्हणजे एका बाजूस दोन्ही मिळून दुप्पट होतात आणि दुसऱ्या बाजूस एकमेकांना खाऊन टाकतात. उरते ती आकृति विड्याच्या पानासारखी असते. पानाचा फुगीर भाग एका दिशेस, आणि देंठाच्या खांचेंत मौन. आतां नागपूर मोठ्यानें बोलतें आणि मुंबई बुडते. जेथें आकृति विड्याच्या पानाची मिळेल, तेथें एकाहून अधिक एरियल मिळून काम करीत आहेत असें समजावें. एकट्या साध्या तारेला पुढें व मागें असा भेद करतां येत नाहीं.

केंद्राची रेषा कळली, तरी त्याचें ठिकाण कळण्यास दुसरी रेषा लागते. ती अमरावतीहून घ्यावी. अकोला व अमरावती यांमधील सरळ अंतर सुमारें ८० किलोमीटर आहे. समजा, मेळघाटांत चिखलदऱ्याच्या बाजूस कोणी लहरी सोडीत आहे. अकोल्याहून त्याची रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारें २४ अंश वळलेली येईल, आणि अमरावतीहून पश्चिमेकडे सुमारें ४० अंश वळलेली. या दोन रेषा एकमेकींना साठ अंशांहून मोठ्या कोनांत छेदतात, म्हणून छेदनबिंदु नकाशावर स्वच्छ उमटतो. परंतु तोच प्रयोग नागपूरच्या केंद्रावर केला तर? अकोला, अमरावती व नागपूर हीं तिन्हीं गांवें जवळजवळ एका ओळींत. दोन्ही रेषांत अवघा तीन अंशांचा फरक. एक अंशाची चूक झाली तरी छेदनबिंदु कितीतरी किलोमीटर पुढें-मागें सरकेल. अशा वेळीं तिसरें ठिकाण ओळीच्या बाहेर, दक्षिणेस किंवा उत्तरेस, निवडावें लागतें. आणखी एक सावधगिरी अशी कीं, हा प्रयोग दिवसा करावा. रात्रीं मध्यम लहरी आकाशांतील विद्युन्मय थरावरून परावर्तित होऊन वरून येतात, आणि चौकटीचें मौन पुसट व फसवें होतें.

हें ज्ञान केवळ करमणुकीचें नाहीं. सन १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनांत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. तो ४२.३४ मीटरच्या लहरीवर बोलत असे. सरकारच्या शोधक गाड्या शहरांतून फिरत होत्या. केंद्र कोठून बोलतें हें शब्दांत कोणीच सांगत नव्हतें. परंतु लहर स्वतःच आपल्या उगमाची दिशा सांगत असते, आणि ती लपवितां येत नाहीं. शोधकाला रेषा घेण्यास वेळ लागतो, एवढीच काय ती सवड. म्हणून त्या मंडळींनीं पुन्हां पुन्हां आपली जागा बदलली. शेवटीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं त्यांना अटक झाली. एका ठिकाणीं राहून बोलणें किती धोक्याचें होतें, हें चौकटीच्या मौनाची धार ज्याला ठाऊक आहे त्याला निराळें सांगावयास नको.

येथपर्यंत ज्यांचा विचार झाला त्या एरियली रुंद तोंडाच्या. आतां एकाच दिशेस नेम धरणाऱ्या एरियलींकडे पाहूं. माशाच्या काट्यासारखी दिसणारी दूरदर्शनची एरियल हिचें खरें नांव यागी-उदा. जपानांतील सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं १९२६ च्या सुमारास ती जगापुढें आणली. हिच्यांत यंत्राला जोडलेली दांडी एकच. तिच्या मागें किंचित् लांब दांडी असते, ती लहर परत फेंकते. आणि पुढें क्रमानें आंखूड दांड्या असतात, त्या लहरीला पुढें ओढतात. आकृतींत पुढें एक मोठी पाकळी, मागें एक खुजी पाकळी, आणि दोहोंच्या मध्यें बाजूंस मौनाच्या फटी. पुढची पाकळी विड्याच्या पानापेक्षां स्पष्टपणें अरुंद असेल, आणि मागें अगदीं मौन नसून एखादें लहानसें बोट दिसत असेल, तर ही यागी-उदा असण्याचा फार संभव आहे.

पाकळी आणखी अरुंद हवी असेल तर काय करावें? याचें उत्तर महाराष्ट्रानें फार पूर्वीं पाहिलें आहे. इंग्लंडशीं बिनतारी संदेशव्यवहार करण्यासाठीं १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें लहरी सोडणारें 'बीम' केंद्र सुरू झालें; लहरी घेणारें केंद्र दौंड येथें होतें. तेथें उंच खांबांच्या ओळीवर उभ्या तारांचा लांबच लांब पडदा टांगलेला होता, आणि त्याच्या मागें तसाच दुसरा पडदा परावर्तक म्हणून होता. सर्व तारा एकाच वेळीं एकाच तालावर बोलत. पडद्याच्या समोरील दिशेस सर्वांच्या लहरी जुळून येत. बाजूच्या दिशांना त्या एकमेकींना मारीत. यांतून असा नियम निघतो कीं, एरियल लहरीच्या मानानें जितकी रुंद, तितकी पाकळी अरुंद. पडद्याची रुंदी लहरीच्या दसपट असेल, तर मुख्य पाकळी सुमारें ५ अंशांची होते आणि तिच्या दोन्ही बाजूंस ६ अंशांच्या आंतच पहिलें मौन येतें. त्या मौनापलीकडे लहान उपपाकळ्यांची रांग लागते. म्हणजे पहिलें मौन मध्यापासून किती अंशांवर आहे एवढें मोजलें, तरी न पाहिलेल्या एरियलची रुंदी सांगतां येते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसाच हा प्रकार.

वाटोळ्या थाळीला हाच नियम लागू पडतो. घरावरील ६० सेंटिमीटरच्या थाळीची पाकळी सुमारें ३ अंशांची असते. म्हणून वाऱ्यानें थाळी थोडी हलली कीं चित्र जातें. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांतील एका थाळीची पाकळी १४०० मेगाहर्ट्झच्या सुमारास २४ कलांची, म्हणजे पूर्ण चंद्राच्या बिंबाहून लहान आहे. चौदा थाळ्या मध्यवर्ती चौरसांत व उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या रांगांत असून, त्यांचा पसारा सुमारें २५ किलोमीटरांचा आहे. सर्व मिळून कांहीं विकलांपर्यंतचा भेद ओळखतात. इतक्या मोठ्या थाळीभोंवतीं यंत्र घेऊन मैदानांत फिरतां येत नाहीं. तेथें आकाशांतील लहरी सोडणारे तारे व दीर्घिका यांकडे थाळी वळवून, त्यांच्या साहाय्यानेंच तिची आकृति काढतात.

घरावरील थाळी आणखी एक धडा देते. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अकोल्याहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५९ अंश उंच दिसावयास पाहिजे. परंतु त्याच्याकडे लावलेली घरगुती थाळी पाहिली, तर ती त्याहून बरीच खालीं, समोरच्या इमारतींकडे पाहत असल्यासारखी वाटते. कारण तिचें ग्राहक टोंक मध्यभागीं नसून खालच्या बाजूस बसविलेलें असतें, व तिची पाकळी थाळीच्या चेहऱ्याला सरळ न राहतां वर उचललेली असते. डोळा येथें फसतो. आकृति फसत नाहीं.

डोळ्याची अशीच फसगत एका निराळ्या प्रसंगीं घरांघरांत तंटे उत्पन्न करिते. गल्लींतील एखाद्या इमारतीवर मोबाइलचा मनोरा उभा राहतो, आणि त्याच इमारतींतील लोकांना वाटतें कीं सर्व लहरी आपल्याच माथ्यावर कोसळत आहेत. घरांत लहान मूल असेल तर आईबापांची झोंप उडते, आणि ती काळजी हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. परंतु त्या उभट पेट्यांची आकृति पाहिली पाहिजे. पेटी उंच असल्यामुळें, वरील नियमाप्रमाणें, तिची पाकळी उभ्या कापांत फार पातळ, साधारण सहा-आठ अंशांची होते. पेटी अरुंद असल्यामुळें आडव्या कापांत तीच पाकळी साठ-पासष्ट अंश पसरते. सुपाचा पसरट पातळ आकार डोळ्यांपुढें आणावा. तें सूप मनोऱ्यापासून बाहेरच्या बाजूस, किंचित् खालीं कललेलें असतें. तीन बाजूंस मिळून तीन. बरोबर खालच्या मजल्यावर मुख्य पाकळी पोंचत नाहीं. तेथें केवळ क्षीण उपपाकळ्या असतात, आणि मध्यें गच्चीचें काँक्रीटहि असतें. याच्या उलट, समोर थोड्या अंतरावर पेटीच्याच उंचीची एखादी गच्ची असेल, तर ती मुख्य पाकळीच्या वाटेंत येते. म्हणजे भीति बहुधा एका घरीं आणि मोजणीची गरज दुसऱ्या घरीं, असा प्रकार होतो. भारत सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून अशा लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश केली आहे, आणि दूरसंचार विभागाकडे प्रत्यक्ष मोजणीची मागणी करतां येते. तंटा करण्यापूर्वीं पेटीचें तोंड कोणीकडे आहे तें पाहावें, आणि मोजणी योग्य गच्चीवर करून घ्यावी.

येथवर सांगितलें त्यावरून आकृति पाहून जात ओळखणें हें निव्वळ यांत्रिक काम आहे, असा ग्रह होऊं नये. दोन अडचणी नेहमीं ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, एरियल एकटी कधींच नसते. पत्र्याचें छप्पर, लोखंडी टाकी, विजेच्या तारा या सर्वांवरून लहरी उलटतात व आकृतींत आपली भर घालतात. टाकीशेजारीं उभ्या केलेल्या साध्या तारेचें वर्तुळ एका बाजूस चेपतें आणि ती दुसऱ्याच जातीची असल्याचा भास होतो. दुसरी अडचण अशी कीं, दोन भिन्न जातींची आकृति कधीं कधीं अगदीं एकच असते. लहान चौकट व आंखूड सरळ तार या दोहोंचीहि चुंबळच. त्यांचा भेद लहरीच्या कलावरून होतो. उभ्या तारेपासून निघणाऱ्या लहरींत विजेचा दाब वरखालीं झुलतो. आडव्या निजविलेल्या चौकटीचें वर्तुळ तेंच, पण तिच्या लहरींत तो आडवा झुलतो. ऐकणारी तार एकदां उभी व एकदां आडवी धरून पाहिली, म्हणजे हा कल कळतो.

तेव्हां परीक्षकानें क्रमानें पांच प्रश्न विचारावे. आडव्या कापांत वर्तुळ आहे कीं पाकळ्या? मौनाच्या दिशा किती व कोठें? पुढची व मागची बाजू सारखी आहे काय? मुख्य पाकळी किती अंशांची? आणि लहरीचा कल उभा कीं आडवा? वर्तुळ, माथ्यावर मौन व उभा कल असेल तर उभी तार किंवा खांब. समोरासमोर दोन सारख्या पाकळ्या असतील तर आडवी तार किंवा उभी चौकट. विड्याचें पान असेल तर दोहोंची जोडी. पुढें मोठी व मागें खुजी पाकळी असेल तर यागी-उदा. सर्व बाजूंनीं सारखी बारीक पाकळी असेल तर थाळी, आणि एका कापांत रुंद व दुसऱ्यांत पातळ असेल तर पेटी किंवा पडदा.

ज्या घरांत जुना ट्रान्झिस्टर असेल, त्या घरांतील मुलांनीं येत्या रविवारीं दुपारीं एवढें करून पाहावें. मध्यम लहरींवर ऐकूं येईल तें कोणतेंहि दूरचें केंद्र लावावें, एफ. एम. ला ही दांडी चालत नाहीं. यंत्र उघड्या अंगणांत, लोखंडी वस्तूंपासून दूर, लांकडी पाटावर ठेवून हळूहळू फिरवावें. आवाज जेथें पूर्ण बुडेल तेथें थांबावें. आंतील दांडी ज्या रेषेंत असेल, तीच रेषा होकायंत्र लावून वऱ्हाडाच्या नकाशावर आंखावी. अकोल्याच्या मुलानें आपली रेषा अमरावतीच्या मित्राला पत्रानें कळवावी, आणि त्यानें आपली रेषा त्याच नकाशावर ओढावी. केंद्राचें नांव न ऐकतांहि, तें कोठें आहे हें त्या दोघांना सांगतां येईल. आणि दोन्ही रेषा एकमेकींना फारच अरुंद कोनांत भेटल्या, तर तिसरी रेषा ओढण्यासाठीं वाशीम किंवा यवतमाळ येथें एखादा मित्र शोधावा.